निवृत्तीच्या उंबरठ्यावरील रंगपेटी

आमच्या कर्नाटक राज्यात शासकीय सेवक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्या हिशोबाने माझ्या वाट्याचे दीड वर्ष उरले आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सेवापुस्तिकेतील नोंदी तपासून घेण्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन आलो. सर्व नोंदी यथास्थित निघाल्या. त्या समाधानात रात्री जेवताना मी सौ.ला म्हणालो, "निवृत्त झालो की मी आता मनसोक्त चित्रे काढणार. चाळीस वर्षे राहून गेले आहे."

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि सहज विचारले, "काढा की. पण अहो, मी कधी निवृत्त होणार?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती की उपरोधही नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने शंका विचारावी तसा तो प्रश्न होता. तेहेतीस वर्षे मी वर्गावर्गांतून शंकांना उत्तरे देत आलो. या शंकेपुढे मात्र ताटातील आमटी निवेपर्यंत मला काही सुचले नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी या गोष्टीचा विचार करीत राहिलो. निवृत्तांचे घर आणि निवृत्तांचा छंद यांविषयी पुढे जे लिहीत आहे, ते त्या विचारातूनच आले आहे.

माळवदाखालचे चित्रदालन

माझे गाव मादन हिप्परगा. कलबुरगी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि आमचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मोटारीच्या थांब्यावर दखनी असा आमचा त्रिवेणी संगम आजही आहे. लग्नसंबंध सोलापूर-अक्कलकोटकडचे, दत्तदर्शन गाणगापूरचे आणि कचेरीचे काम कलबुरगीचे.

आमचे जुने घर माळवदाचे होते. भिंती पांढऱ्या मातीच्या, जमिनीवर शहाबादी फरशी. ही फरशी ज्या गावावरून ओळखली जाते ते शहाबाद आमच्याच जिल्ह्यातले. पाण्याने पुसून काढलेल्या त्या काळसर फरशीवर खडूची रेघ अशी काही उठून दिसे की, माझी पहिली चित्रे तेथेच उमटली आणि आईच्या पोतेऱ्याने तेथेच पुसली गेली. भिंतीवर दिनदर्शिकांची चित्रे होती. वर्ष संपले तरी देवाचे चित्र कोणी फेकीत नसे. तारखांचा कागद फाडून चित्र तेवढे भिंतीला राही. राम, कृष्ण, शिवपार्वती यांच्या त्या रांगेतील काही चित्रांच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक सही असे. ती मला अक्षरओळख होताच वाचता आली. एस. एम. पंडित.

हे पंडित आमच्याच गुलबर्ग्याचे, म्हणजे आताच्या कलबुरगीचे, हे कळले तेव्हा मी दहावीत होतो. त्या वर्षी मी घरी सांगितले की मला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जायचे आहे. वडील शेतकरी. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चित्रं पोटाला घालत नाहीत बाबा, मास्तर हो." मी मास्तर झालो. त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही. त्यांनी माझे दोन वेळचे जेवण पाहिले. ते पाहणे त्यांचे कर्तव्य होते. पण रंगांची जी पेटी मी तेव्हा कपाटाच्या तळाशी ठेवली, ती नवीन घर बांधले तेव्हाही टाकून दिली नाही. त्यातल्या नळ्या दगडासारख्या झाल्या आहेत.

परत आलेला चित्रकार

पंडितांचे चरित्र आम्हा सीमाभागातील लोकांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. संबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म 1916 चा. प्रारंभीचे धडे त्यांनी गुलबर्ग्यात शंकरराव आळंदकर यांच्याकडे घेतले. 'आळंदकर' हे आडनाव वाचले की आमच्या तालुक्यातील माणसाला अंमळ बरे वाटते, हे मी लपवीत नाही. पुढे मद्रास, पुढे मुंबई, तेथे दंडावतीमठ यांचे नूतन कला मंदिर आणि मग जे. जे. अशी त्यांची वाटचाल झाली. मुंबईत त्यांनी मेट्रो चित्रपटगृहासाठी परदेशी बोलपटांची जाहिरातचित्रे रंगविली, बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे केली आणि हिंदी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना एक नवी झळाळी दिली. दिनदर्शिकांवरील त्यांची पौराणिक चित्रे तर देशभर घरोघरी पोहोचली.

आणि एवढे सगळे झाल्यावर, पन्नाशी ओलांडल्यानंतर, हा मनुष्य मुंबईचा व्याप आवरून गुलबर्ग्याला परत आला. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले. कलबुरगीतील रंगमंदिराला आज त्यांचेच नाव आहे. तेथे नाटक पाहायला जाणाऱ्या तरुणांना ते नाव कोणाचे, हे विचारले तर बहुतेक जण खांदे उडवितात. पण त्यांच्या आजीच्या देवघरातील चित्र बहुधा याच हाताचे असते.

पंडितांचे परतणे मला निवृत्तीचा एक नमुना वाटते. त्यांनी धंदा कमी केला, काम कमी केले नाही. निवृत्त होणे म्हणजे परत फिरणे. माघारी वळलेल्या माणसाने कोठे जायचे हे मात्र आधी ठरवावे लागते. आपण बहुतेक जण ते न ठरविताच वळतो आणि मग ओट्यावर बसून रस्त्याने जाणारी माणसे मोजतो.

साठीनंतरचे रंग

उतारवयात रंग हाती धरणारे पुष्कळ झाले. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना आकार देता देता त्यांची चित्रे जन्माला आली आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. पॅरिसच्याच जकात नाक्यावर नोकरी करणाऱ्या आंरी रूसोने 1893 मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, मुदतीआधीच निवृत्ती घेतली ती चित्रांसाठी. लोक त्याला हसले; आज त्याची अरण्यचित्रे जगातील नामांकित संग्रहालयांत आहेत. अमेरिकेतील ॲना मेरी मोझेस ही शेतकरीण तर पंचाहत्तरीनंतर चित्रांकडे वळली आणि 1961 मध्ये वयाच्या एकशेएकाव्या वर्षी वारली, तोवर 'ग्रँडमा मोझेस' हे नाव सर्वतोमुखी झाले होते.

पण आपण महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबे. आपल्याला जवळचे उदाहरण नारायण श्रीधर बेंद्रे यांचे वाटावे. 1910 मध्ये इंदूरच्या मराठी घरात ते जन्मले, बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या आणि 1966 मध्ये ती नोकरी सोडली. त्यानंतर 1992 पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते मुंबईत चित्रेच काढीत राहिले. एका मनुष्याची पूर्ण नोकरी व्हावी एवढा हा काळ! ज्याला आपण 'उरलेले आयुष्य' म्हणतो ते मोजून पाहिले तर एवढे भरते.

दुसरे उदाहरण म्हैसूरचे. तेथील जगनमोहन राजवाड्यात हाती दिवा धरलेल्या स्त्रीचे एक जलरंगचित्र आहे. सहलीस नेलेल्या मुलांना ते मी प्रत्येक वेळी दाखवितो. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीकडच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. हळदणकरांचा जन्म 1882 चा आणि चित्र 1945-46 च्या सुमाराचे. म्हणजे साठी उलटल्यावरचे. चेहऱ्यावर पडलेला तो दिव्याचा उजेड त्यांना कोठे सापडला? घरात. चित्रासाठी त्यांची स्वतःची कन्या उभी राहिली होती. राजवाड्यात पोहोचलेल्या त्या चित्राचा प्रारंभ एका गृहस्थाच्या घरी झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका घरातील गोष्ट

चरित्रांतून मात्र एक बाब सहसा येत नाही. चित्रकार चित्र काढीत असताना घर कोण चालवीत होते?

आमच्या भागात एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. नाव लिहीत नाही. ते त्यांना आवडणार नाही. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षे त्यांनी रोज सहा-सात तास चित्रे काढली. डोंगर, देवळे, बैलबाजार, आळंदच्या दर्ग्याची कमान, बीदरजवळच्या अष्टूर येथील बहमनी घुमटांची रेखाटने. खोली चित्रांनी भरली, मग माजघर भरले, मग सूनबाईंच्या धान्याच्या कोठीवरही गुंडाळ्या आल्या. घरात थोडी कुरबुर होई. पण त्यांच्या पत्नी ती वरच्यावर झेलीत आणि त्यांच्यापर्यंत येऊ देत नसत.

तीन वर्षांपूर्वी त्या वारल्या. दिवसकार्यानंतर काही महिन्यांनी मी भेटायला गेलो. चित्रफळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी विचारले, "गुरुजी, पुन्हा सुरू नाही केलं?"

ते म्हणाले, "जमत नाही. मला वाटायचं, माझ्याकडे वेळ आहे म्हणून मी काढतो. तो वेळ तिचा होता, हे आता कळलं. अकराला चहा यायचा. कुंचले पुसायला जुन्या धोतराची फडकी घडी करून ठेवलेली असायची. दारात कुणी आलं तर ती बाहेरच बोलून पाठवायची. मी एकदाही विचारलं नाही की ही फडकी कुठून येतात."

थोड्या वेळाने त्यांनी पेटीतून एक कागद काढून दाखविला. विजेच्या देयकाच्या पाठीमागे पेन्सिलने काढलेले, निवडत बसलेल्या स्त्रीचे अर्धे रेखाटन. सूप होते, हात होते. चेहरा राहून गेला होता. "चारशे-पाचशे चित्रं केली मी," ते म्हणाले, "त्यात तिचं एवढंच."

मी घरी आलो तो सौ. नळाला आलेले पाणी भरीत होती. आमच्याकडे पाणी दोन-तीन दिवसांआड येते. त्या दिवशी पहिल्यांदा मी न सांगता घागर उचलली. तिने "आज काय झालं?" असे पाहिले, पण विचारले नाही.

रंगांचा प्रपंच

छंदाची व्यवस्था प्रपंचात बसवायची तर काही व्यावहारिक गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. त्या गुरुजींकडून आणि स्वतःच्या रविवारच्या धडपडीतून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट माध्यमाची. तैलरंग भारदस्त खरे, पण ते सुकायला कित्येक दिवस घेतात. त्यात टर्पेंटाइनचा दर्प बंद खोलीत डोके धरवितो आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर आगीचेही भय असते. निवृत्ताच्या दोन खोल्यांच्या घराला जलरंग मानवतात. वाटीभर पाणी, दोन कुंचले, जाडसर कागद. अर्ध्या तासात आवरून ठेवता येतात आणि जेवणाची पंगत अडत नाही.

दुसरी उजेडाची. उत्तरेच्या खिडकीतून ऊन बहुधा थेट आत येत नाही, म्हणून तेथील उजेड दिवसभर बदलत नाही. जुन्या माळवदातील झरोक्याखाली सकाळी दहापर्यंत जो उजेड पडे तोही असाच शांत असे. पिवळ्या दिव्याखाली रंगविलेले निळे आभाळ सकाळी वेगळेच दिसते, याचा अनुभव मी पुरेपूर घेतला आहे.

तिसरी डोळ्यांची. उतारवयात नेत्रमणी पिवळसर होत जातो आणि निळा-जांभळा रंग मंद दिसू लागतो. फ्रान्सचा थोर चित्रकार क्लोद मोने याला मोतीबिंदूने असेच गाठले होते. त्याची चित्रे तांबूस-पिवळी होत गेली आणि 1923 मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा आपले रंग बिघडू लागले तर प्रतिभेला दोष देण्याआधी नेत्रवैद्याला दाखवावे. आज ती शस्त्रक्रिया पुष्कळ सोपी झाली आहे.

चौथी मानाची. निवृत्त मुख्याध्यापकाला शाळेत 'सर, सर' ऐकण्याची सवय झालेली असते. घरातील माणसांनी प्रत्येक चित्राला 'वा' म्हणावे ही अपेक्षा धरली की घर शाळा होते. आणि प्रत्येक लग्नात भेट म्हणून आपले चित्र देऊ नये. घेणाऱ्याच्या घरातही भिंती मोजक्याच असतात.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, वेळेची. तिच्याबद्दल आमच्या घरात जो तह झाला तो पुढे सांगतो.

दोन तासांचा तह

मी एके दिवशी सौ.ला सरळ विचारले, "तू निवृत्त झालीस तर काय करशील?" मला वाटले, काशीयात्रा म्हणेल, भजनी मंडळ म्हणेल. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "काही नाही. दुपारी दोन तास मला कुणी हाक मारू नये."

तेहेतीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही बहुधा सर्वांत मोठी वस्तू असेल. आणि तिला पैसा लागत नव्हता.

मग आम्ही निवृत्तीची वाट न पाहता रविवारपासून रंगीत तालीम सुरू केली. सकाळचा चहा माझा. पाणी भरणे माझे. ज्वारी गिरणीतून आणणे माझे. दुपारी एक ते तीन घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही. दार वाजले तर मी उघडायचे. त्या दोन तासांत मी चित्र काढतो. ती काय करते ते मी विचारीत नाही, तसा तहच आहे. कधी झोपते, कधी जुना अंक वाचते, कधी नुसती खिडकीशी बसते. पहिल्या दोन रविवारी चहात साखर विसरलो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

नातवाची चित्रपोथी

आता ज्या कारणाने हा लेख आपल्या मासिकासाठी लिहावासा वाटला ते सांगतो. माझा मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. नातू सहा वर्षांचा. शाळेत इंग्रजी, खेळताना कन्नड, घरात आईवडिलांशी मोडकीतोडकी मराठी. मी मराठीचा एम. ए.; जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकविली आणि माझे पत्र माझ्याच नातवाला वाचता येत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, कोठेही असलेल्या आपल्या वाचकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

गेल्या वेळा अमावस्येला आम्ही रिवाजाप्रमाणे शेतात गेलो. या आमच्या सीमाभागाच्या सणाला आम्ही येळवस म्हणतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्याने रंगविलेले पांडव, भज्जी, उंडे आणि मडक्यातील आंबील. मुलाला रजा मिळाली नव्हती, म्हणून नातू आलेला नव्हता. जेवण झाल्यावर मी ती कोप कागदावर उतरविली, रंगविली आणि खाली मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'कोप'. ते चित्र पाकिटात घालून बंगळुरूला पाठविले.

आठवड्याने दूरध्वनी आला. नातवाने विचारले, "आजोबा, कोपमध्ये कोण राहतं?" शब्द त्याने वाचला होता. आईला विचारून, एकेक अक्षर जुळवून. पण वाचला होता.

तेव्हापासून दर रविवारी एक चित्र आणि एक शब्द जातो. येथे मला माझ्या पदवीची मर्यादा समजली. जाते मी काढले. पण त्याच्या मधल्या खुंटाला, घास घालायच्या तोंडाला काय म्हणतात, दुधाचे भांडे टांगायचे ते शिंके कसे विणतात, उतरंडीत मोठे मडके कोठे आणि लहान कोठे, कणगी आतून कशी सारवितात, हे सारे सौ.ला ठाऊक. मी काढलेली घडवंची पाहून ती म्हणाली, "हिच्यावर घागर ठेवली तर पडेल." कोपीचे चित्र पाठविण्याआधी तिने पाहिले असते तर तेही सुधारले असते. "तोंड चुकवलंत तुम्ही," असे ती नंतर म्हणाली. आता चित्र आधी तिच्यापुढे जाते. तिचे दोन तास संपल्यावर, अर्थात.

आजवर सव्वीस चित्रे झाली. मुलाने ती एका वहीत चिकटविली आहेत. रेषा अजून थरथरते, गाईचे पाय जमत नाहीत, आणि पंडितांच्या गावाजवळ राहून मी असली चित्रे काढतो याची थोडी लाजही वाटते. वडील म्हणाले होते, चित्रे पोटाला घालीत नाहीत. खरेच आहे. निवृत्तिवेतनाने पोट भरेल. पण नातवाच्या तोंडी आजीच्या घरातले सव्वीस शब्द गेले, हे काम निवृत्तिवेतनाने होणारे नव्हते.

परवा मी त्या गुरुजींकडे ही हकीकत सांगायला गेलो. ते ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "सूप काढायचं असेल तर माझ्याकडे या. ते मला येतं." मी पुढच्या रविवारी जाणार आहे, सौ. येते म्हणाली आहे. दोन तास मात्र आधी तिचे.